गोलकीपरचा मास्तर होतो तेव्हा

फुटबॉलची गोष्ट म्हटल्यावर पुष्कळ वाचक पान उलटतील, याची मला कल्पना आहे. दिवाळी अंक घरात आला की आधी विनोदी कथा, मग राशिभविष्य, मग कथा-कादंबऱ्या, असा आपला क्रम ठरलेला. खेळाडूच्या चरित्राची पाळी येते ती चकलीचा डबा तळाला गेल्यावर! पण मी सांगणार आहे ती गोष्ट खेळाची थोडी आणि घरातली जास्त आहे. ज्यांच्या घरात दहावी-बारावीला बसलेला मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी तरी ती शेवटपर्यंत वाचावी, एवढीच विनंती.

मी मूळचा कोल्हापूरचा. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. तिथे प्रत्येक पेठेला तालीम आणि तालमीला फुटबॉलचा संघ. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की त्या दिवशी घराघरांत चूल लवकर पेटते आणि लवकर विझते. माझ्या तालमीचे नाव मी सांगत नाही. सांगितले, तर दुसऱ्या तालमीचे वाचक अंक बाजूला ठेवतील! मी तिथे दहा वर्षे गोलकीपर होतो आणि पुढे एका कॉलेजात शारीरिक शिक्षणाचा मास्तर झालो, एवढे पुरे.

कॉलेजात शिकत असताना रद्दीच्या दुकानात मला एक जुने इंग्रजी क्रीडा मासिक मिळाले. त्यात एका उंच, सडपातळ गोलकीपरचे छायाचित्र होते. खाली नाव : बॉबी क्लार्क, ॲबर्डीन. हा माणूस तब्बल १,१५५ मिनिटे, म्हणजे सव्वाएकोणीस तास, एकही गोल अंगावर न घेता खेळला, असे त्यात लिहिले होते. मी ते पान फाडून माझ्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवले. शेजारी आईने लावलेला अंबाबाईचा फोटो होता. आईने काही दिवस कुरकुर केली. मग दोघांनाही एकदमच उदबत्ती ओवाळू लागली.

त्या चित्रातला माणूस मला प्रत्यक्ष दिसला तो चाळीस वर्षांनी, आणि तोही अमेरिकेत.

मुलगा नोकरीनिमित्त न्यू जर्सीत स्थायिक झालेला. २०१३ च्या डिसेंबरात मी आणि मंडळी त्याच्याकडे होतो. थंडी अशी की बाहेर पडायचे म्हणजे आधी अर्धा तास कपडे चढवण्यात जायचा. एके दिवशी मुलगा म्हणाला, "बाबा, रविवारी फुटबॉल बघायला जायचं का? इथल्या कॉलेजांची फायनल आहे, नोत्र दाम आणि मेरीलँड." मी सहज विचारले, "त्यांना शिकवतंय कोण?" त्याने फोनवर पाहून सांगितले, "नोत्र दामचा कोच बॉबी क्लार्क म्हणून कोणी आहे. स्कॉटिश दिसतो."

मी उठून कोट शोधू लागलो.

सामना १५ डिसेंबरला फिलाडेल्फियाजवळच्या चेस्टर गावी होता. डेलावेअर नदीच्या काठी स्टेडियम, बाजूला प्रचंड पूल आणि नदीवरून येणारा वारा हाडे फोडणारा. त्या वाऱ्यात मैदानाच्या कडेला एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ उभे होते. वय वर्षे ६८. माझ्या ट्रंकेतले चित्र तेवढे म्हातारे झाले होते. माझे मी काय झालो होतो, ते सांगायला नको.

आधी मेरीलँडने गोल केला. मध्यंतरापूर्वी लिऑन ब्राऊन या खेळाडूने बरोबरी साधली. मध्यंतरात आम्ही कागदी पेल्यातली कॉफी घेऊन उभे होतो. समोरच्या मुलांकडे पाहत माझा मुलगा अगदी साध्या आवाजात म्हणाला, "ही सगळी पोरं उद्या परवा परीक्षेला बसतील. बाबा, आपण इथं असतो, तर तुम्ही मला थांबवलं नसतं ना?"

वाचकहो, इथे मला एक कबुली द्यावी लागते. माझा मुलगा चांगला खेळायचा. बाप म्हणून नव्हे, मास्तर म्हणून सांगतो. मधल्या फळीत चेंडू पायात घेऊन मान वर करून पाहणारी मुले शंभरात दोन असतात, त्यांपैकी तो एक. अकरावीची परीक्षा झाली आणि मी त्याचे बूट माळ्यावर टाकले. "बारावी झाली की बघू," म्हटले. बारावीनंतर इंजिनिअरिंग आले, इंजिनिअरिंगनंतर नोकरी. बूट माळ्यावर राहिले आणि कातडे वाळून तडकले. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना मैदानावर बोलावणाऱ्या मास्तराने स्वतःच्या मुलाला मैदानावरून घरी आणले! त्याने इतक्या वर्षांत त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्या दिवशी काढला. मला उत्तर सुचले नाही. मी कॉफी पीत राहिलो.

त्या रात्रीपासून मी या क्लार्कमास्तरांचे चरित्र जमेल तिथून वाचून काढले. मुलाला द्यायचे उत्तर त्यात कुठे सापडते का, ते मी शोधत होतो.

रॉबर्ट ऊर्फ बॉबी क्लार्क यांचा जन्म १९४५ चा, ग्लासगोचा. सुरुवात झाली ती क्वीन्स पार्क क्लबात. १८६७ साली स्थापन झालेला हा स्कॉटलंडचा सर्वांत जुना क्लब, आणि त्याचा बाणा असा की खेळाडूला पैसे म्हणून द्यायचे नाहीत. हौशी खेळाडूंचे हे व्रत त्यांनी २०१९ पर्यंत पाळले. तिथे एडी टर्नबुल नावाचे प्रशिक्षक होते. १९६५ साली ते ॲबर्डीनचे व्यवस्थापक झाले आणि जाताना या पोरगेल्या गोलकीपरला बरोबर घेऊन गेले. क्लार्क धंदेवाईक खेळाडू झाला. पण त्याने आणखी एक गोष्ट केली. ग्लासगोच्या जॉर्डनहिल कॉलेजात शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाचा अभ्यासक्रमही पुरा केला. पायात बूट आणि काखेत पुस्तक, असा तो प्रकार होता. या पुस्तकाचे महत्त्व पुढे कळेल.

ॲबर्डीन हे उत्तर समुद्राकाठचे बंदर. घरे ग्रॅनाइट दगडाची आणि वारा बर्फाचा. तिथे तो १७ वर्षे राहिला. सगळीच वर्षे काही सुखाची नव्हती. १९६९ च्या सुमारास त्याची जागा गेली. अर्नी मॅकगार हा दुसरा गोलकीपर उभा राहू लागला आणि क्लार्क बाहेर बसला. गोलकीपरची जागा संघात एकच. बाहेर बसणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक! पण हंगाम संपायच्या आत त्याने जागा परत मिळवली. ११ एप्रिल १९७० रोजी हॅम्पडेन पार्कवर लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर ॲबर्डीनने बलाढ्य सेल्टिकला ३-१ असे हरवून स्कॉटिश कप जिंकला, तेव्हा गोलात क्लार्कच होता. माझ्या ट्रंकेतला तो १,१५५ मिनिटांचा विक्रम त्याच्या पुढच्या, म्हणजे १९७०-७१ च्या हंगामातला. तो मोडायला १९८७ साल उजाडावे लागले. रेंजर्सच्या ख्रिस वुड्सने तो १,१९६ मिनिटांवर नेला.

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघातून तो १७ सामने खेळला. १९७८ साली अर्जेंटिनातल्या विश्वचषकासाठी निवडलेल्या संघातही होता, मात्र तिथे प्रत्यक्ष खेळायची पाळी आली नाही. १९८० साली ॲबर्डीन स्कॉटलंडचे लीग विजेते ठरले, तेही १९५५ नंतर प्रथमच. व्यवस्थापक होते ॲलेक्स फर्ग्युसन, जे पुढे मँचेस्टर युनायटेडचे 'सर ॲलेक्स' झाले. त्या हंगामातही गोल राखला तो क्लार्कने. मग पाठीचे दुखणे जडले, आणि जिम लेटन नावाचा तरुण गोलकीपर त्याच्या जागी आला. या खेपेला जागा परत मिळणार नव्हती. वयाच्या पस्तिशी-छत्तिशीत खेळाडू म्हातारा होतो. इतर धंद्यांत माणूस त्या वयाला नुकता कुठे स्थिरावतो!

इथे मला माझ्या तालमीतले कितीतरी जण आठवतात. ज्यांच्या नावाने स्टेडियम दणाणायचे, त्यांचे चाळिशीत काय झाले, हे आमच्या पेठेतले लोक जाणतात. कोणी पानपट्टी टाकली, कोणी सामन्याच्या दिवशी दारात बसून जुने गोल सांगत राहिला. खेळ संपला तेव्हा त्यांच्या हातात दुसरे काहीच नव्हते. मुलाचे बूट माळ्यावर टाकताना माझ्या डोळ्यांपुढे हेच चेहरे होते. माझी भीती खोटी नव्हती, हे आजही म्हणतो. तिच्यावर मी केलेला उपाय तेवढा बरोबर होता का, हा प्रश्न आहे.

क्लार्कजवळ शिक्षकाचे शिक्षण होते. १९८३ साली तो बायकामुलांसह आफ्रिकेत, झिम्बाब्वेतल्या बुलावायो शहरी गेला आणि हायलँडर्स नावाच्या क्लबाचा प्रशिक्षक झाला. देश स्वतंत्र होऊन तीनच वर्षे झाली होती. तिथून १९८५ साली तो अमेरिकेत न्यू हॅम्पशरमधल्या डार्टमथ कॉलेजात आला. इथून पुढे त्याला 'तो' म्हणणे बरे नाही. ते क्लार्कमास्तर झाले.

अमेरिका त्यांना अगदीच अनोळखी नव्हती. १९६७ साली तिथे फुटबॉलची (त्याला ते लोक 'सॉकर' म्हणतात) एक लीग काढण्याचा घाट घातला गेला. पण खेळाडू कुठून आणायचे? शेवटी युरोप आणि दक्षिण अमेरिकेतले क्लब अख्खेच्या अख्खे आयात केले आणि प्रत्येकाला एकेका तिकडच्या शहराचे नाव दिले! ॲबर्डीन झाले 'वॉशिंग्टन व्हिप्स'. लग्नात भाड्याने बँड आणावा तसा तो प्रकार. अंतिम सामन्यात व्हिप्सची गाठ पडली ती लॉस एंजलिसच्या नावाने खेळणाऱ्या वुल्व्हरहॅम्प्टनशी. जादा वेळेनंतर सामना ५-६ असा गेला, आणि शेवटचा गोल ॲबर्डीनच्याच एका बचावपटूच्या पायाला लागून झाला. बाविशीतही न पोचलेल्या क्लार्कला अमेरिकेची पहिली ओळख झाली ती अशी.

आता कॉलेजातला खेळ तिथे कसा चालतो, ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्याला ते नवलाचे आहे. आपल्याकडे कॉलेजचा संघ म्हणजे सामन्याच्या आठवडाभर आधी सूचनाफलकावर लागलेला कागद. तिथे विद्यापीठातला खेळ हा मोठा कारभार आहे. पहिल्या श्रेणीत पुरुषांच्या फुटबॉलचे दोनशेहून अधिक संघ आहेत. हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि डिसेंबरात संपतो. खेळाडूने विद्यार्थी असलेच पाहिजे, नेमून दिलेले गुण मिळवलेच पाहिजेत आणि पदवीच्या वाटेवर दरवर्षी ठरावीक मजल मारलीच पाहिजे, नाहीतर त्याला खेळता येत नाही. पाच वर्षांत चार हंगाम, एवढीच मुभा, असा नियम त्या वेळी होता. शिष्यवृत्त्या आहेत, पण त्याही खैरातीसारख्या नव्हेत. मी सामना पाहिला तेव्हा पंचवीस-तीस जणांच्या अख्ख्या संघाला मिळून ९.९ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. प्रशिक्षक त्या तुकड्या-तुकड्यांनी वाटायचा. डार्टमथ ज्या आयव्ही लीगमध्ये आहे, तिथे तर खेळासाठी म्हणून शिष्यवृत्तीच देत नाहीत.

तिकडे सारे सोन्याचे आहे, असे मात्र कोणी समजू नये. खेळाडूंच्या जिवावर विद्यापीठे पैसा मिळवतात, ही तक्रार तिथे फार जुनी. २०२५ साली न्यायालयात तडजोड होऊन शिष्यवृत्त्यांची ती जुनी मर्यादा गेली आणि तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची वाट मोकळी झाली. शिवाय कॉलेजात खेळणाऱ्यांपैकी धंदेवाईक खेळाडू होतात ते मूठभरच. बाकीचे शिक्षक, डॉक्टर, वकील, कारकून होतात. पण अठराव्या वर्षी कोणी त्यांना 'बूट की पुस्तक' असे विचारत नाही. दोन्ही घेऊन ये, म्हणतात.

डार्टमथला क्लार्कमास्तर १९९३ पर्यंत राहिले. मग दोन वर्षे न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते. १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात आले. १९९८ साली स्टॅनफर्डचा संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि इंडियानाकडून ३-१ असा हरला. न्यूझीलंडचे दोन तरुण, रायन नेल्सन आणि सायमन एलियट, स्टॅनफर्डला त्यांच्या हाताखाली खेळले. २०१० च्या विश्वचषकात न्यूझीलंड तिन्ही सामन्यांत अपराजित राहिले, आणि त्यांतला एक सामना जगज्जेत्या इटलीशी होता. तेव्हा नेल्सन संघाचा कर्णधार होता आणि एलियट मधल्या फळीत.

२००१ साली मास्तर इंडियाना राज्यातल्या नोत्र दाम विद्यापीठात आले. हे १८४२ साली स्थापन झालेले कॅथलिक विद्यापीठ. त्याची कीर्ती अमेरिकी फुटबॉलसाठी, म्हणजे तो शिरस्त्राण घालून हाताने खेळतात त्या खेळासाठी. त्या गावात आपला फुटबॉल म्हणजे थोरल्या घरातला धाकटा भाऊ. बारा वर्षे मास्तरांनी संघ घडवला. त्यांच्याकडचा मॅट बेस्लर पुढे २०१४ च्या विश्वचषकात अमेरिकेकडून खेळला. पण राष्ट्रीय अजिंक्यपद काही हाती लागत नव्हते.

आता पुन्हा चेस्टरच्या मैदानावर चला. उत्तरार्ध सुरू होऊन पाव तास झाला असेल. नोत्र दामला फ्री किक मिळाली. चेंडू हवेतून आत आला आणि अँड्र्यू ओ'मॅली या बचावपटूने डोक्याने तो जाळ्यात घातला. २-१! उरलेला अर्धा तास मी घड्याळाकडे पाहून काढला. तिथे कॉलेजच्या सामन्यात घड्याळ उलटे चालते : पंचेचाळीस मिनिटांवरून शून्याकडे. शून्य आले आणि मुले मैदानभर धावत सुटली. नोत्र दामच्या पुरुष संघाचे ते पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद. मास्तर आधी समोरच्या प्रशिक्षकाकडे गेले की मुलांकडे, ते मला दिसले नाही. कारण माझा चष्मा धुरकट झाला होता. थंडीने, असे मी मुलाला सांगितले.

२०१७ चा हंगाम संपल्यावर क्लार्कमास्तर निवृत्त झाले. पण त्यांच्या चरित्रातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग कोणत्याही चषकाचा नाही. तो त्यांच्या मुलांचा आहे.

धाकटा जेमी स्टॅनफर्डला वडिलांच्याच संघात खेळला आणि पुढे वॉशिंग्टन विद्यापीठाचा प्रशिक्षक झाला. दुसरा मुलगा टॉमी. बुलावायोला वडील प्रशिक्षक होते तेव्हा हा शाळकरी पोर होता. डार्टमथला शिकला, खेळला, आणि पुन्हा बुलावायोला जाऊन त्याच हायलँडर्स क्लबातून खेळला. त्या काळात झिम्बाब्वेत एड्सने थैमान घातले होते. बरोबर खेळलेली माणसे एकेक करून जात होती, आणि आजाराचे नाव घ्यायला कोणी तयार नव्हते. टॉमी पुढे डॉक्टर झाला. २००२ साली त्याने मित्रांच्या साथीने 'ग्रासरूट सॉकर' ही संस्था काढली. त्या मित्रांत बुलावायोचाच, डार्टमथला शिकलेला आणि झिम्बाब्वेच्या राष्ट्रीय संघातून खेळलेला मेथेम्बे न्दलोवू होता. तिथली मुले डॉक्टरचे ऐकत नसली, तरी फुटबॉलपटूचे ऐकतात, हे त्यांनी हेरले होते. चेंडूच्या खेळातून एड्सपासून कसे वाचावे, ते मुलांना शिकवायचे, अशी ही कल्पना. बूट आणि पुस्तक दोन्ही हातांत असल्यावर काय घडू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

त्या रात्री घरी परतताना गाडीत मी मुलाला म्हणालो, "चुकलं माझं. तू दोन्ही करू शकला असतास." तो बराच वेळ रस्त्याकडे पाहत होता. मग म्हणाला, "तुम्ही घाबरला होता, बाबा. मला तेव्हाही कळलं होतं." मागच्या सीटवर मंडळी झोपल्याचे सोंग करून पडल्या होत्या. घरी गेल्यावर त्यांनी आम्हा दोघांना न मागता गरम पिठले वाढले, त्यावरून मी काय ते ओळखले.

तिथला कारभार इथे जसाच्या तसा आणता येणार नाही, हे मलाही कळते. तेवढा पैसा नाही, तेवढी मैदाने नाहीत. पण एक गोष्ट आणता येते, आणि तिला पैसा लागत नाही. परत आल्यावर मी संध्याकाळी मैदानावर जाऊ लागलो. आठ-दहा पोरे जमतात. माझा नियम एकच : महिन्यातून एकदा वह्या दाखवायच्या. अभ्यास मागे पडला, तर खेळ बंद नाही करायचा. खेळ झाल्यावर मैदानाच्या कट्ट्यावर बसून तो पुरा करायचा. आणि मार्च जवळ आला, घरून मुलाला बोलावणे आले, की मी स्वतः त्याच्या घरी जातो. चहा घेतो. परीक्षेच्या महिन्यातसुद्धा रोज एक तास तरी मुलाला पाठवा, असे आईबापांना विनवतो. काही ऐकतात, काही ऐकत नाहीत. न ऐकणाऱ्यांवर मी रागावत नाही. त्यांच्या जागी मीच बसलेलो मला दिसतो.

माळ्यावरचे ते तडकलेले बूट मात्र मी अजून टाकलेले नाहीत. गेल्या सुट्टीत मुलगा आला होता, त्याने ते खाली काढले. आता न्यू जर्सीत दर रविवारी तो शेजारपाजारच्या मुलांना फुटबॉल शिकवतो. त्यात माझा नातूही आहे. गोलात उभा राहतो म्हणे.